करारबद्ध चाकरी, अमेरिकेतील

उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत सतराव्या-अठराव्या शतकांत रूढ असलेली श्रमपद्धती. जहाजाच्या भाड्याच्या मोबदल्यात ठरावीक वर्षे बिनपगारी राबण्याचा लेखी करार हा तिचा गाभा. एकाच कागदावर दोन प्रती लिहून तो दातेरी रेषेत कापीत. तुकडे जुळले की दस्त खरा ठरे. ‘इंडेंचर’ ही संज्ञा या दातेरी कडेवरून आली (लॅटिन ‘डेन्स’ म्हणजे दात). या चाकरांना मराठीत कधीकधी ‘गिरमिटिये’ म्हणतात, ते काटेकोर नाही. गिरमिट ही १८३४ पासून मॉरिशसला गेलेल्या हिंदी मजुरांची पद्धती. त्यांत मराठी भाषकही होते, आणि त्यांना वेतन ठरलेले असे.

पद्धतीच्या मुळाविषयी मतभेद आहेत. एक मत ते उमेदवारीत (अ‍ॅप्रेंटिसशिप) शोधते. लेखी दस्त, अनेक वर्षांची मुदत, मालकाने अन्नवस्त्र पुरवणे ही लक्षणे दोन्हींकडे आढळतात. १६१९ मध्ये लंडनहून सुमारे शंभर मुले व्हर्जिनियाला धाडली गेली, तीही उमेदवार म्हणूनच. मात्र उमेदवाराला धंदा शिकवणे मालकावर बंधनकारक होते, चाकराबाबत तसे काही नव्हते. अर्थेतिहासकार डेव्हिड गॅलेन्सन यांच्या मते मूळ इंग्लंडमधील शेतचाकरीत आहे. तेथे अविवाहित तरुण-तरुणी वर्षाच्या बोलीने शेतकऱ्याच्या घरी राहून काम करीत. आपल्याकडील सालगड्याशी ताडून पाहण्यासारखा प्रकार. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण वर्षाची मुदत चार ते सात वर्षांवर का गेली याचा उलगडा त्यातून होतो : पाच-सहा पौंडांचे भाडे वर्षभराच्या श्रमातून फिटणारे नव्हते. व्हर्जिनियाची वसाहत वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने प्रथम आपलीच माणसे लष्करी शिस्तीत राबवून पाहिली. १६२० च्या सुमारास तिने स्वखर्चाने आणलेले चाकर, तो खर्च भरून देणाऱ्या मळेवाल्यांच्या हवाली करण्यास सुरुवात केली. चाकराचा करार दुसऱ्याला विकता येणे ही खरी नवी गोष्ट. सालाच्या बोलीत ती नव्हती. १६२३ मध्ये टॉमस बेस्ट या चाकराने मालकाने आपल्याला गुलामासारखे विकल्याची तक्रार पत्रातून घरी कळवली.

मागणी वाढली ती तंबाखूमुळे. १६१८ च्या नियमानुसार माणसाच्या प्रवासखर्चापोटी माणशी पन्नास एकर जमीन मिळे. ती खर्च करणाऱ्याला, चाकराला नव्हे. मुदत संपल्यावर चाकराच्या पदरात सामान्यतः मका आणि कपडे, क्वचित अवजारे पडत. लेखी करार नसलेल्यांची मुदत ‘देशरिवाजा’प्रमाणे ठरे. मालकापासून गरोदर राहिलेल्या चाकर स्त्रीला मुदतीनंतर आणखी दोन वर्षे चर्चच्या कारभाऱ्यांमार्फत विकावे, असा व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा होता.

हे चाकर कोण होते? पूर्वी त्यांना भणंग व गुन्हेगार समजत. ब्रिस्टल बंदराच्या नोंदवह्यांत (१६५४–८६) दहा हजारांहून अधिक नावे असून त्यांत शेतकरी व कारागीर पुष्कळ आहेत. ज्यांचा व्यवसाय कोरा ठेवला आहे ते बहुधा मजूर असावेत, असा गॅलेन्सन यांचा तर्क आहे. गुन्हेगारांची मोठ्या प्रमाणावर रवानगी १७१८ च्या कायद्यानंतरची. न्यू इंग्लंडमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे आल्याने तेथे ही पद्धती तुलनेने कमी दिसते.

ऑगस्ट १६१९ मध्ये व्हर्जिनियातील पॉइंट कम्फर्ट येथे उतरवलेल्या वीसेक आफ्रिकनांचा दर्जा चाकराचा की गुलामाचा, हा वाद जुना आहे. नंतर आलेला अँथनी जॉन्सन हा आफ्रिकन पुढे मुक्त होऊन जमीनदार झाला, हा चाकरपक्षाचा दाखला. तथापि १६४० मध्ये तीन पळपुटे पकडले गेले, तेव्हा दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढली, तर जॉन पंच या कृष्णवर्णीयाला जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. १६६२ मध्ये मूल आईचा दर्जा घेईल असे ठरले. गुलामीचे कायदे १७०५ मध्ये एकत्र केले गेले. मळेवाले गुलामांकडे का वळले? इतिहासकार एडमंड मॉर्गन यांचा भर व्हर्जिनियातील १६७६ च्या बेकनच्या बंडाने दिसलेल्या, मुदत संपून मुक्त झालेल्या चाकरांच्या असंतोषावर आहे. इतिहासकार रसेल मेनार्ड इंग्लंडहून येणाऱ्या चाकरांचा पुरवठा आटल्याकडे लक्ष वेधतात; काळाचा मेळ या मताशी अधिक बसतो.

अठराव्या शतकात फिलाडेल्फियाला येणारे जर्मन ‘रिडेम्प्शनर’ उतरल्यावर भाड्याची तजवीज करीत. ती न झाल्यास चाकरी पत्करीत. हा प्रकार १८२० च्या सुमारास थांबला.