माडावरून पडलेल्याची मान

माडावरून, पोफळीवरून किंवा आंब्यावरून माणूस पडला की वाडीतली माणसं धावत येतात, काखेत हात घालून त्याला बसवतात आणि पाणी पाजतात. सगळं मायेपोटीच होतं. पण मानेची हाडं कशी बसलेली आहेत हे ठाऊक असेल, तर कुणी असं करणार नाही.

कानातली इवलीशी हाडं सोडली तर कवटीत 22 हाडं. त्यात हलणारं एकच, खालचा जबडा. बाकीची एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. हे साडेचार-पाच किलोंचं डोकं पेलतात मानेचे सात मणके. जिराफाच्या मानेतही सातच असतात.

खरी करामत वरच्या दोघांची. पहिला मणका, अ‍ॅटलस, म्हणजे नुसतं कडं. बाकीच्या मणक्यांना असतो तसा भरीव गाभा त्याला नाही. दुसऱ्याचा, म्हणजे अ‍ॅक्सिसचा, एक सुळका वर उभा राहून त्या कड्यात शिरतो. जात्याच्या खालच्या तळीतल्या खुंट्याभोवती वरची तळी फिरते, तसंच कडं आणि त्यावरचं डोकं या सुळक्याभोवती फिरतं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळजवळ निम्मा वाटा या एकाच जागेचा. इथे मणक्यांमध्ये चकती नसते. सुळका जागेवर धरून ठेवतो तो मुख्यतः एक आडवा अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधणारा चिवट पट्टा, आणि त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून पाठीत उतरणारा नसांचा दोर.

सरळ खाली येणारा भार ही रचना चांगला पेलते. चुंबळीवर माशांची पाटी घेतलेली बाई मान ताठ ठेवून चालते ती उगाच नाही. पण भार अचानक आदळला तर गोष्ट वेगळी. उथळ कोंडीत डोक्यावर सूर मारला की अ‍ॅटलसचं कडं फुटू शकतं. जेफरसन या शल्यविशारदाने 1920 मध्ये या मोडण्याचं वर्णन केलं. त्यात तुकडे बाहेरच्या बाजूला सरकतात, मज्जारज्जूला उलट जागाच मिळते, म्हणून तो पुष्कळदा वाचतो. असा माणूस बोलतो, कधी उठून चालतोही, नुसती मान दुखते म्हणतो. याच वेळी मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण मग सगळे निर्धास्त होतात. मोडलेलं हाड नंतरच्या एका हिसक्याने सरकलं, तर हातपाय जाऊ शकतात. श्वासपटलाची, म्हणजे श्वास घ्यायला लावणाऱ्या छातीखालच्या पडद्यासारख्या स्नायूची, नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंतून निघते. त्याच्या वर मज्जारज्जू चेंगरला तर श्वासच थांबतो.

म्हणून पडलेल्याला बसवू नका, पाणी पाजू नका. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे तसंच धरायचं, दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. श्वास चालू आहे ना, हे मात्र सगळ्यात आधी बघा. नसेल तर आधी त्याचीच सोय. उलटी होऊ लागली तर तिघा-चौघांनी डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून अख्खा माणूस कुशीवर वळवायचा.

आपल्याकडे अडचण असते ती पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांच्या उताराच्या वाटेची. गाडी वर रस्त्यावर, माणूस खाली बागेत. शक्य असेल तर गाडीवरच्या माणसांनाच खाली येऊ द्या. हलवावंच लागलं तर झोळीत किंवा खुर्चीत नको, रुंद फळी किंवा दाराचं फळकूट घ्या. डोकं धरणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याच शब्दावर उचलायचं. गाडीवरची माणसं मानेला पट्टा बांधून ताबा घेईपर्यंत त्याने डोक्यावरचे हात काढायचे नाहीत.