बाळ कण्हतं तेव्हा ते काय करत असतं

सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, श्वास सोडताना बारीक आवाजात कण्हतं, आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या आजीला वाटतं लेकराला कुठेतरी दुखतंय. खरं तर ते स्वतःचं फुप्फुस उघडं ठेवायची धडपड करत असतं. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून एका साबणासारख्या द्रवाने माखलेले असतात, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात, आणि तो पुरेसा तयार होतो साधारण ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास. त्याआधी जन्म झाला तर श्वास सोडला की फुगे चिकटून बसतात आणि पुढच्या श्वासाला परत पहिल्यापासून जोर लावावा लागतो. फुगा फुगवताना पहिली फुंकच सगळ्यात जड जाते ना, तसं, आणि या बाळाला दर श्वासाला पहिली फुंक! म्हणून ते घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत अडवून ठेवतं, तोच कण्हण्याचा आवाज.

डॉ. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम बाहेरून दाब देऊन केलं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांनी २० बाळांची माहिती छापली, त्यातली १६ वाचली. तेव्हा बहुतेकांना हा दाब श्वासनलिकेत घातलेल्या नळीतूनच दिला होता, नाकात बसणाऱ्या छोट्या नळ्या नंतर आल्या. बाहेरून सतत थोडा दाब देऊन फुप्फुस उघडं ठेवायच्या या पद्धतीला सीपॅप म्हणतात. आता तिच्या बबल सीपॅप या प्रकारात ओलसर गरम हवा आणि ऑक्सिजन नाकातून जातो आणि बाहेर येणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. टोक ५ सेंटिमीटर खोल, तर दाबही तेवढाच. एवढं साधं आहे हे, आणि मला याचं खूप कौतुक वाटतं, कारण आफ्रिकेतल्या मलावी देशात नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के बाळं वाचत होती तिथे बबल सीपॅपवर ७१ टक्के वाचली.

सगळ्यांना हे पुरत नाही, फार लहान बाळांना सर्फॅक्टंट द्यावं लागतं, काहींना व्हेंटिलेटरही. पण शक्य तिथे घशात नळी न घातलेली बरी, नाजूक फुप्फुसाला इजा कमी होते. ऑक्सिजन मात्र मोजूनमापूनच द्यायचा, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, आणि नळ्यांनी नाकाचा मधला पडदा घासला जात नाही ना हे सिस्टर दर थोड्या वेळाने बघतात.

बाळाजवळ बसलात तर बाटलीतल्या बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. ते थांबले तर बहुतेक वेळा नाकातली नळी सरकलेली असते नाहीतर तोंड उघडं राहून हवा निसटत असते. लगेच सिस्टरना हाक मारा, नळी नीट बसली की बुडबुड परत सुरू होते.