छोटा ॲम्प, मोठा वूफर आणि जळकी कॉइल

भाच्याने तासगावहून गाडी आणली, डिकी उघडली आणि तो काही बोलायच्या आत मला वासावरूनच कळलं. विहिरीवरची मोटार जळल्यावर येतो तोच करपलेल्या वार्निशचा वास. सबवूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन (समोरचा हलणारा पडदा) दोन्ही हातांनी हलकेच दाबून पाहिला, तर आत खरखर लागली. कॉइल गेली होती.

"पण मामा, ॲम्प २०० वॅटचाच आहे आणि वूफर ३०० चा. ॲम्प लहान असला की वूफर जळत नाही, असं दुकानात सांगितलं होतं."

ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, स्टिरिओचा सिग्नल मोठा करून वूफरला ताकद पुरवणारा डबा. तो लहान असला की वूफर सुरक्षित, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि त्यापायी चांगले वूफर मरताना पाहिले आहेत. वाईट वाटतं, कारण हे टाळणं सोपं आहे.

वूफरची मूळ रचना १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडली, तीच आजही चालते. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. तिला चिकटवलेला कोन. विजेची दिशा बदलते तशी कॉइल पुढे-मागे होते आणि कोन हवा ढकलतो. पण १०० वॅट वीज दिली तर आवाज जेमतेम एका वॅटचा होतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. उरलेली सगळी वीज कॉइल तापवते. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात उभी केलेली गाडी असेल, तर गाणं लावण्याआधीच डिकी तापलेली असते.

आता भाच्याचा प्रश्न. ॲम्प जास्तीत जास्त किती व्होल्ट देऊ शकतो याची एक हद्द असते. गाण्यातली लहर त्या हद्दीत असते तोवर तिचा माथा गोल राहतो. नॉब आणखी फिरवला की लहरीला वर जायला जागाच उरत नाही आणि माथा कापला जातो. पाचगणीचं टेबललँड आठवा: चढ आहे, पण वर शिखर नाही, नुसतं पठार. यालाच क्लिपिंग म्हणतात. गोल माथ्याची लहर उंचीवर क्षणभरच टेकते, सपाट माथ्याची तिथे मुक्काम करते. म्हणून उंची तेवढीच असली तरी पूर्ण चौकोनी झालेली लहर दुप्पट शक्ती वाहून नेते. २०० वॅटचा ॲम्प असा पिळला की ४०० वॅटच्या आसपास जाऊ शकतो, आणि वूफर होता ३०० चा. "सपाट माथा म्हणजे डीसी, म्हणून कॉइल जळते," असंही काही मेकॅनिक सांगतात. ते बरोबर नाही. डीसी एकाच दिशेने वाहते; ही लहर उलटसुलट होतच असते. सरासरी शक्ती वाढते, आणि जाळते ती वाढलेली शक्ती.

लहान ॲम्प नुसता असल्याने काही बिघडत नाही. त्याच्याकडून मोठा आवाज ओरबाडायला गेलो की बिघडतं.

आणि ओरबाडायचा मोह होतो, यात माणसाचा दोष थोडाच आहे. आपला कानच खालच्या सुरांना मंद आहे. आवाज कमी असताना तर फारच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. शिवाय इंजिनाची घरघर आणि टायरचा आवाज नेमका त्याच खालच्या पट्टीत असतो आणि बेस झाकून टाकतो. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर बेस इतका का वाढवलेला असतो, याचं एक कारण मला हेच वाटतं. मग बेस बूस्ट फिरवला जातो. ६ डेसिबलचा बूस्ट म्हणजे ॲम्पकडे चौपट शक्ती मागणं.

याहून फसवी गोष्ट तांब्याची. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याच व्होल्टवर वीज कमी वाहते आणि आवाज बसतो. ऐकणारा नॉब वाढवतो. कॉइल आणखी तापते. लांबच्या प्रवासात बेस मऊ पडल्यासारखा वाटला तर नॉबला हात न लावता दहा मिनिटं गाणं बंद ठेवावं.

जोडणी करताना सगळ्यांत चुकीचा समजला जातो तो गेनचा नॉब. तो आवाजाचा नॉब नव्हे. स्टिरिओकडून येणारे व्होल्ट आणि ॲम्पची ताकद यांचा मेळ घालायला तो असतो. कानाने लावू नका, मल्टीमीटरने लावा. शक्ती गुणिले वूफरचा रोध, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे तेवढे व्होल्ट. ॲम्प आणि वूफर यांतला लहान आकडा घ्यायचा: २०० वॅट, ४ ओहम, गुणाकार ८००, वर्गमूळ सुमारे २८ व्होल्ट. आकडा आरएमएस, म्हणजे सलग झेपणाऱ्या, वॅटचाच हवा, खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला नव्हे.

भाच्याबरोबर अंगणात इंजिन चालू ठेवून हेच केलं (बंद गॅरेजमध्ये कधीही नाही, धुराने जीव जातो). वूफरच्या तारा ॲम्पवरून सोडवल्या, बेस बूस्ट शून्यावर, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर. ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, त्यामुळे साधा मीटरही तिथे बरोबर दाखवतो. मीटर एसीवर ठेवून गेन शून्यापासून हळूहळू वाढवत नेला. मीटरला लहरीचा माथा मात्र दिसत नाही. ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच.

कॉइल न जळताही वूफर मरतो, कोन हद्दीबाहेर फेकला गेला तर. तेवढाच आवाज निम्म्या वारंवारतेवर काढायचा तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगसारखी त्याला आवरते. भोक असलेला बॉक्स बाटलीत फुंकर मारल्यासारखा एका ठराविक सुरावर घुमतो, पण त्या सुराच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. अशा बॉक्सला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) हवाच, त्या सुराच्या किंचित खाली लावलेला. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडायला कारागीर किती जपतात! वूफरच्या बॉक्सच्या मापालाही तेवढंच जपावं. हाताशी आलेल्या प्लायचा बॉक्स ठोकू नये.

ॲम्पला वीज नेणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. वायर गाडीच्या पत्र्याला घासली तर आग तोच रोखतो. वायर बारीक असली की व्होल्ट वाटेतच पडतात आणि ॲम्प लवकर क्लिप होतो.

नवीन कॉइल टाकलेला वूफर जोडण्याआधीच मीटरवर २८ आले होते. गेनचा नॉब तेव्हा जेमतेम एक तृतीयांश फिरला होता. आधी तो शेवटापर्यंत फिरवलेला होता. भाच्याने घरातून मामीची नेलपॉलिश मागून आणली आणि तिथे लाल ठिपका लावला.