खिशातील घड्याळे, अमेरिकन : ओळख व दुरुस्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे 1850 पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यांत तयार झालेली, साखळीला लावून खिशात ठेवायची घड्याळे. वॉल्थम, एल्जिन (स्थापना 1864), इलिनॉय, हॅम्प्डेन व हॅमिल्टन (1892) हे प्रमुख उत्पादक होत.

घड्याळाची ओळख केसवरून (बाहेरच्या कवचावरून) नव्हे, आतल्या यंत्रावरून पटवतात. यंत्र एका कंपनीचे आणि केस दुसऱ्या कारखान्याची, ही त्या काळची नेहमीची रीत. गिऱ्हाईक यंत्र व केस वेगवेगळी निवडत असे आणि सराफ ती जुळवून देई. त्यामुळे केसवरचा क्रमांक कालनिर्णयास निरुपयोगी ठरतो. केसच्या आतल्या कडेवर जुन्या स्क्रूंचे जास्तीचे वण दिसले, तर केस बदललेली असण्याची शक्यता असते. यंत्राच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक मात्र कंपन्यांच्या याद्यांत आणि त्यांवर आधारलेल्या संग्राहकांच्या संदर्भग्रंथांत शोधता येतो. तेथे आकार, मॉडेल, ग्रेड (यंत्राचा दर्जा) व ज्वेलची (अक्षांची टोके ज्यांत फिरतात त्या खड्यांची) संख्या मिळते. वॉल्थम कंपनीची अशी छापील क्रमांकयादी संग्राहकांत ‘ग्रे बुक’ म्हणून ओळखली जाते.

या याद्यांतील वर्ष किती विश्वसनीय मानावे, याबद्दल मतभेद आहेत. क्रमांक बहुधा गटागटाने एखाद्या ग्रेडसाठी राखून ठेवले जात. गटातील यंत्रे पुढे मागणीप्रमाणे पूर्ण होत, काही तर बऱ्याच उशिरा. म्हणून यादीतले वर्ष हे विक्रीचे वर्ष नव्हे, उत्पादनाचेही ते अंदाजी वर्ष होय. क्रमांकाबरोबर यंत्रावर कोरलेले कंपनीचे नावही पाहावे. एल्जिन कंपनीचे मूळ नाव ‘नॅशनल वॉच कंपनी’ असे होते व 1874 मध्ये ते बदलले. यादी आणि प्रत्यक्ष यंत्र यांत विसंगती आढळल्यास यंत्राची रचना प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकार मोजण्याची पद्धत इंग्लंडमधील लँकेशरची. शून्य आकार म्हणजे 1 5/30 इंच, आणि पुढील प्रत्येक आकारास 1/30 इंच वाढतो. त्यानुसार 18 आकाराचे यंत्र सुमारे 44.9 मिमी. व 16 आकाराचे सुमारे 43.2 मिमी. व्यासाचे असते. माप तबकडीखालच्या पट्टीचे घेतात. केसचे घेतल्यास घोटाळा होतो.

एकाचे भाग दुसऱ्यास बसतील अशा घड्याळांची कल्पना प्रथम कोणाची, हा जुना वाद आहे. ॲरन डेनिसन, एडवर्ड हॉवर्ड व सहकाऱ्यांनी रॉक्सबरी (मॅसॅचूसेट्स) येथे 1850 च्या सुमारास सुरू केलेला आणि 1854 मध्ये वॉल्थमला हलवलेला उद्योग त्याचा आरंभ मानला जातो. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारातील पद्धत पाहून डेनिसनला ती सुचली, असे सांगतात. पण हेन्री व जेम्स पिटकिन बंधूंनी त्याआधीच, 1838 च्या सुमारास, कनेक्टिकटमध्ये यंत्रांनी घड्याळे बनवली होती. आरंभीच्या वॉल्थम घड्याळांत अदलाबदल पूर्ण होती, हे मतही आता फारसे टिकत नाही. अक्षाची टोके मोजून त्यांना जुळणारे ज्वेल निवडले जात. त्या मापांची नोंद घड्याळाच्या क्रमांकाखाली ठेवली जाते, असे कंपनीच्या त्या काळच्या वर्णनांतच आढळते. याचा परिणाम आजच्या दुरुस्तीवर होतो. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्रातून काढलेला बॅलन्स स्टाफ (झुलत्या चाकाचा अक्ष) बसेलच असे नाही. घड्याळजीने आधी टोकांचे माप घेणे आवश्यक असते.

रेल्वेसाठी प्रमाणित घड्याळांना संग्राहकांत विशेष मान आहे. एप्रिल 1891 मध्ये किप्टन (ओहायओ) येथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर क्लीव्हलंडचे सराफ वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवण्यात आली. इंजिनचालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडले होते, ही कथा सर्वत्र आढळते. ती सावधपणे घ्यावी. उघडी (झाकण नसलेली) तबकडी, 16 किंवा 18 आकार, किमान 17 ज्वेल, आठवड्यास 30 सेकंदांच्या आतील चूक या अटी सर्वसाधारणपणे 1893 च्या मानल्या जातात. तथापि त्या एकाच वेळी ठरल्या नसून हळूहळू वाढत गेल्या असाव्यात. तबकडीवर इंजिनाचे चित्र असणे हा रेल्वे घड्याळाचा पुरावा नव्हे; तशी स्वस्त स्विस घड्याळेही पुष्कळ विकली गेली.

दुरुस्तीत यंत्र पूर्ण सुटे करून धुणे, तेल देणे व थकलेली मुख्य कमान (स्प्रिंग) बदलणे ही कामे प्रथम येतात. सुटे करण्याआधी कमानीतला ताण सोडावा लागतो. लिव्हरने वेळ लावायच्या घड्याळात काच काढून आतला लिव्हर ओढावा; चावी ओढल्यास नुकसान होते. वॉल्थमच्या बऱ्याच यंत्रांत फॉगच्या 1865 च्या पेटंटाचा सुरक्षा पिनियन (लहान दातेरी चाक) असतो. कमान तुटली की तो आपोआप उलगडतो आणि चाकांचे दाते वाचतात. सैल दिसला म्हणून तो पक्का चिकटवू नये. निकेल पट्ट्यांवरील नक्षी व अक्षरांतला सोनेरी मुलामा घासल्याने कायमचा जातो. मिन्याच्या तबकडीवरील बारीक तडे बुजवण्यापेक्षा तसेच ठेवणे अनेक जाणकार पसंत करतात.

इंगरसोल कंपनीच्या ‘यांकी’सारखी (1896) त्या काळी एका डॉलरला मिळणारी घड्याळे हा निराळा वर्ग. त्यांत ज्वेल नसतात आणि वरील क्रमांकयाद्यांचा त्यांना उपयोग होत नाही.