चांद दिसल्यावर चुलीवर चढणारं गोड: शिरखुर्म्यामागचा इतिहास

रमजान ईद नेमकी कोणत्या दिवशी, हे आदल्या संध्याकाळपर्यंत ठरलेलं नसतं. एकोणतिसाव्या रोजाला सूर्य मावळल्यावर चंद्रकोर दिसली तर उद्या ईद, नाही दिसली तर आणखी एक रोजा. मुंबईत चांद दिसल्याचं जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीचा निरोप येईपर्यंत घराघरांत सगळ्यांचे कान तिकडे लागलेले असतात. निरोप आला की ईदची नमाज जेमतेम बारा तासांवर येते, आणि नमाजला निघण्याआधी घरच्यांच्या तोंडात काहीतरी गोड पडायला हवं असतं. शिरखुर्मा, म्हणजे शेवया, खारीक आणि मेवा घातलेली दुधाची पातळ खीर, आणि ईदचे इतर घरगुती गोड पदार्थ इतके सोपे का, याचं उत्तर मला या बारा तासांत दिसतं. चार दिवस राबून करायचा पदार्थ इथे चालत नाही. घरात आधीपासून साठवलेलं काहीतरी हवं आणि त्याला एका रात्रीचे हात पुरायला हवेत.

सगळ्यात पहिलं गोड तर शिजवलेलंही नव्हतं. रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास, मदिनेत. पैगंबर ईदुल फित्रच्या, म्हणजे रमजान ईदच्या, सकाळी खजूर खाल्ल्याशिवाय नमाजला निघत नसत आणि ते खजूर विषम संख्येत घेत, असं अनस इब्न मालिक यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये येतं. महिनाभर पहाटेपासून पोटाला बंदी होती, ती आता उठली, हे त्या घासातून जाहीर व्हायचं. ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाईच आहे. फित्र्याचं, म्हणजे ईदच्या दानाचं, मापही खजुराशीच बांधलेलं होतं. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो, खजूर किंवा जव गरिबांना द्यायचे आणि तेही ईदच्या नमाजआधी. त्यामुळे ज्याच्या घरात काही नाही, त्याच्याही घरी त्या सकाळी खायला असे. मदिनेत खजूर हे रोजचं अन्न होतं, चैन नव्हती. ईदचं गोड गरिबाच्या आवाक्यातलं असावं, ही गोष्ट त्या पहिल्या दिवसापासूनची आहे आणि या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच.

पुढे इस्लाम जिथे जिथे पोचला तिथे खजुराला स्थानिक सोबती मिळाले. इराकमध्ये खजूर भरलेला क्लैचा, सीरिया-लेबनॉनकडे मामूल, इजिप्तमध्ये कहक. कैरोच्या फातिमी खलिफांनी तर ईदसाठी मिठाई बनवून वाटायला ‘दार अल्-फित्रा’ नावाचं वेगळं खातंच उभारलं होतं. ही सगळी भट्टीतली बिस्किटं. डब्यात भरली की दिवसेंदिवस टिकतात, म्हणून ती रमजानच्या शेवटच्या दिवसांत करून ठेवता येतात आणि चांद आज दिसो की उद्या, काही बिघडत नाही. आपल्याकडे घरोघरी भट्टी नव्हती, चूल होती. इथे दुधाची वाट धरली गेली.

दुधात धान्य शिजवून गोड करणं हिंदुस्थानात फार जुनं, आणि बादशाही मुदपाकखान्यातही ते साधंच राहिलं. १५९० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फज्लनं शीरबिरंजचं, म्हणजे तांदळाच्या खिरीचं, प्रमाण दिलं आहे: दहा शेर दूध, एक शेर तांदूळ, एक शेर खडीसाखर आणि चिमूटभर म्हणावं इतकं मीठ. बस. त्यात पाच थाळ्या भरतात. शेजारीच जर्द बिरंज आहे, आजच्या जर्द्याचा, म्हणजे गोड केशरी भाताचा, पूर्वज. तिथे मात्र दहा शेर तांदळाला पाच शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप, मनुका-बदाम-पिस्ते अर्धा अर्धा शेर, वर केशर आणि दालचिनी. अकबराच्या स्वयंपाकघराचे हे आकडे वाचताना जाणवतं की दुधाची खीर तिथेही चार वस्तूंत संपत होती.

महाराष्ट्रात खिरीतल्या तांदळाची जागा ज्यांनी घेतली त्या शेवया इथल्या मातीतल्याच. उन्हाळ्यात वर्षभराची बेगमी करायची, हा मराठी घराचा नेम. पापड, कुरडया, सांडगे आणि त्यांच्या जोडीला शेवया. गव्हाचा रवा भिजवायचा, तेलाचा हात लावून तिंबायचा, पाटावर लोळवत किंवा बोटांमध्ये ओढत त्याचे केसासारखे धागे काढायचे आणि काठीवर टाकून वाळवायचे. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे ही सगळी त्याच कामातली भावंडं, लग्नाच्या रुखवतात मांडली जाणारी. नंतर लोखंडी यंत्र आलं. खाटेला किंवा बाकाला आवळून बसवायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खाली पडणाऱ्या शेवया अलगद काठीवर झेलायच्या. गावात एक-दोन घरी यंत्र असायचं आणि गल्लीतल्या बायका पाळीनं तिथे पीठ घेऊन जायच्या. त्या रांगेत शेख-पठाणांच्या घरच्या बायाही असत. जी शेवई एका घरी पाहुण्यांसाठी खिरीत पडे, तीच दुसऱ्या घरी ईदसाठी राखून ठेवलेली असे.

खारकेचा प्रवास लांबचा. ओमानमध्ये मबसली नावाच्या जातीचे अर्धेकच्चे पिवळे खजूर तांब्याच्या मोठ्या हंड्यांत उकळतात आणि मग कडक उन्हात वाळवतात. या कामाला तिथे ‘तबसील’ म्हणतात. हा माल कित्येक पिढ्या गलबतांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत आला. बसऱ्याचा खजूरही याच वाटेनं मुंबईत यायचा. मशीद बंदरच्या गल्ल्यांत खारीक, खजूर आणि सुक्या मेव्याच्या घाऊक पेढ्या आजही आहेत. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली खारीक आणि शिरखुर्म्यातली खारीक एकाच पोत्यातून निघते. चारोळी विदर्भातल्या जंगलांतून येते, खोबरं दक्षिणेतून किंवा कोकणातून. कोरड्या वस्तू सगळ्या. मुंग्या लागू दिल्या नाहीत तर महिनोन् महिने राहतील अशा. ताजं लागतं ते फक्त दूध.

म्हणून चांदरातीचं काम ठरलेलं असतं. खारीक भिजत घालायची, बदाम गरम पाण्यात टाकून सोलायचे, मग घरातल्या सगळ्यांनी गोल बसून काप करायचे. मुलांच्या वाट्याला पिस्ते सोलणं येतं, कारण त्यात खाणंही होतं. पहाटे दूध तापत ठेवायचं. तुपात आधी मेवा परतायचा, मग त्याच तुपात शेवया तांबूस होईपर्यंत, आणि हे सगळं साखर-वेलचीच्या दुधात सोडायचं. लिटरभर दुधाला ५० ग्रॅमच्या आसपास शेवया पुष्कळ झाल्या. शिरखुर्मा पातळच हवा, वाटी तोंडाला लावून पिता यावा इतका. गार होताना तो आपोआप दाट होतो, आणि सकाळी दाट केलेला दुपारी पाहुण्यांपुढे लगदा होऊन येतो. हॉटेलांत तो रबडीसारखा घट्ट करायची रीत पडली आहे. ती मला पटत नाही. शिरखुर्मा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती द्यायचा असतो, आणि दहा घरी गेलेल्या माणसाला दहाही वाट्या संपवता आल्या पाहिजेत.

चांदाचा आणखी एक परिणाम आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०१५ मध्ये ती १८ जुलैला आली, भर पावसात. २०२५ मध्ये ३१ मार्चला, गुढीपाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि किती तरी गल्ल्यांत रविवारी श्रीखंड आणि सोमवारी शिरखुर्मा झाला. एखाद्या हंगामी फळावर बेतलेला पदार्थ असा ईदचा कायमचा सोबती होऊ शकत नाही. आषाढात लाकडं ओली असली तरी डब्यातल्या शेवया कोरड्याच असतात.

महाराष्ट्रातही सगळीकडे एकच शिरखुर्मा नाही. १८५७ चा उठाव आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या रेट्यात उत्तरेकडचे मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे आले. त्यांच्या घरांत शिरखुर्म्याइतकाच मान किमामी शेवयांना आहे. बनारसी धर्तीच्या अगदी बारीक, खरपूस भाजून साखरेच्या पाकात मुरवलेल्या, खवा आणि मखाणे घातलेल्या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे ईदच्या दस्तरखानावर हैदराबादी वळणाचा डबल का मीठाही दिसतो: पाव तळायचा, पाकात आणि दुधात भिजवायचा. कोकणी मुसलमानांत सांदणाला तोड नाही. तांदळाचा रवा नारळाच्या दुधात कालवून वाफवलेलं, मऊ, जाळीदार. गोड असूनही ते कोंबडीच्या रश्शाबरोबर बिनदिक्कत खाल्लं जातं. दाऊदी बोहऱ्यांची गोष्ट वेगळी. ते फातिमी परंपरेतलं गणिती पंचांग पाळतात, त्यामुळे त्यांची ईद आधीपासून ठरलेली असते, चांदाची वाट पाहावी लागत नाही. तरी त्यांच्या थाळाची सुरुवात साधीच. आधी मिठाची चिमूट, मग सोदन्नू, म्हणजे भात, तूप आणि साखर.

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीभोवती रमजानभर मालपुवे, मातीच्या वाटीतली फिरनी आणि अफलातून नावाची मिठाई यांची जी जत्रा भरते, ती रात्रीच्या खाण्याची. ईदच्या सकाळचं गोड मात्र घरातच होतं आणि तिथे बाजाराला फारसा शिरकाव मिळालेला नाही.

बदललं ते दूध-साखरेचं गणित. नितळ पांढरी साखर एके काळी श्रीमंतांचीच होती. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, पाठोपाठ इतर उभे राहिले आणि अहमदनगर-सोलापूरकडच्या साध्या घरांतही साखर किलोकिलोनं येऊ लागली. दुधाचं दुखणं जास्त जुनं. ईदच्या पहाटे एकदम सगळ्यांनाच जास्तीचं दूध हवं असतं, आणि फ्रिज नसताना ते आदल्या दिवशी आणून ठेवणं धोक्याचं. मुंबईत १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली. पिशवीतलं दूध गल्लीबोळांत पोचलं, तेव्हा कुठे चांदरातीची ही धास्ती कमी झाली. त्याआधी गवळ्याला पाच-सहा दिवस आधी सांगून ठेवावं लागे, तेही ‘चांद दिसला तर’ या बोलीवर.

गावांकडे या गोडाला आणखी एक हिशेब होता. शिरखुर्मा शेजारी जातोच, पण काही घरं शिजवलेलं घेत नसत. त्यांच्यासाठी शेवया, साखर आणि मेवा असा कोरडा शिधा पाठवला जाई आणि त्या घरातली बाई तो आपल्या चुलीवर शिजवी. सोवळ्याची भिंत त्यामुळे पडली नाही, हे खरं. पण त्या घरातही ईदचं गोड शिजलं, आणि दिवाळीला फराळाचं ताट उलट आलं. आज बहुतेक ठिकाणी डबाच जातो.

कस्टर्डबद्दल काही जण नाक मुरडतात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर बनवली. १९५६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या वीकफील्डसारख्या कंपन्यांनी ती मराठी घरांत रुळवली, आणि आता ईदच्या दुपारी केळी-सफरचंद-डाळिंबाचं फ्रूट कस्टर्ड शिरखुर्म्याच्या शेजारी असतं. घट्ट गोड दुधाचा डबा, भाजलेल्या शेवयांचं पाकीट हेही तसंच. नोकरीवरून संध्याकाळी परतलेल्या बाईला चांद दिसल्यावर रवा तिंबत बसता येत नाही. फडताळात टिकणारं काहीतरी काढायचं, दूध आणायचं आणि रात्रीत गोड उभं करायचं, हीच ती जुनी रीत.

२०३० मध्ये ईद फेब्रुवारीत येईल. बाजारात तेव्हा लाल गाजरं असतील, आणि आधीच्या पिढीच्या बायांना १९९० च्या दशकातल्या हिवाळी ईदींमुळे गाजराचा हलवा चांगला ठाऊक आहे. तो चांदरातीच्या आधी दोन दिवस करून ठेवला तरी चालतो.