विज्ञानकथा कुठली आणि गोष्टीतला धडा कुठला?

वाचनालयात 'विज्ञानकथा' अशी चिठ्ठी डकवलेल्या फळीवर दोन वेगळ्या जातींची पुस्तकं खांद्याला खांदा लावून उभी असतात. मुखपृष्ठावरून ती ओळखू येत नाहीत. दोन्हींवर रॉकेट, दोन्हींवर निळसर चेहऱ्याचा यंत्रमानव. एका जातीत विज्ञानामुळे माणसांवर काहीतरी बेतलेलं असतं. दुसरीत माणसांना बोलावलेलंच असतं ते विज्ञान समजावून सांगायला. दुसरीला पहिली समजून कुणी घरी नेली, की दहाव्या पानावर पेंग येते आणि 'आपल्याला हे सायन्स फिक्शन झेपत नाही' असं ठरवून वाचक पुन्हा ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळतो. मराठीत विज्ञानकथेला वाचक कमी का, याचं निम्मं उत्तर मला या फळीवरच दिसतं. विज्ञान अवघड असतं, ही सबब मला पटत नाही.

दुसऱ्या जातीचा एक नमुना, मीच रचलेला:

'काका, मोबियस पट्टी म्हणजे काय हो?' निखिलने कुतूहलाने विचारले. काका हसले. 'छान प्रश्न! कागदाची एक लांब पट्टी घे, तिला अर्धा पीळ दे आणि टोकं चिकटव. आता या पट्टीला एकच बाजू उरली!' 'अरे वा!' निखिल उद्गारला.

निखिलच्या जागी नेहा बसवा, काकांच्या जागी प्राध्यापक. काही बिघडत नाही. उत्तर मिळालं नसतं तरी निखिल रात्री शांत झोपला असता. माहिती मात्र खरी आहे आणि पट्टीही भलतीच मजेशीर. तिच्या पृष्ठातच राहणारी एखादी चपटी आकृती सरकवत पूर्ण एक फेरी मारून आणली, तर ती आरशात दिसावी तशी उलटी होऊन परत येते. काढा गुळाबरोबर द्यावा तसा हा प्रकार आहे, आणि शाळकरी मुलांसाठी त्यात वावगं काहीच नाही.

आता हीच उलटापालट कथाकारांनी कशी वापरली ते बघू. एच. जी. वेल्सने १८९६मध्ये 'द प्लॅटनर स्टोरी' लिहिली. शाळेत एका हिरव्या भुकटीचा स्फोट होतो, मास्तर नऊ दिवस गायब होतो आणि परत येतो तेव्हा त्याचं हृदय उजवीकडे गेलेलं असतं. वेल्सचा सगळा रस आहे तो मास्तर मधल्या काळात कुठे होता, यात. १९४६ साली आर्थर क्लार्कने 'टेक्निकल एरर' या कथेत वीजकेंद्रातल्या अपघातात एका माणसाला असंच उलटं केलं आणि फार साधा, घरगुती प्रश्न विचारला: हा आता जेवणार काय? रेणूंनाही डावं-उजवं असतं. आपल्या शरीरातली प्रथिनं एकाच घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांची आरशातली जुळी भावंडं शरीराला चालत नाहीत. म्हणजे उलटा झालेला माणूस भरल्या ताटावर बसूनही उपाशी. मग त्याच्यासाठी वेगळं अन्न बनवायचं कुणी, त्याचा खर्च सोसायचा कुणी? रसायनशास्त्र आता त्याच्या पोटाशी आणि कंपनीच्या हिशेबाशी येऊन भिडलं. क्लार्कने रेणूंची माहिती लपवलेली नाही, पण ती वाचताना आपण त्या माणसाच्या जिवाची काळजी करत असतो.

आणि जयंत नारळीकरांनी हीच कल्पना मराठी घरात आणली ती 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत. डाव्या-उजव्या सोंडेचा फरक इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे लहानपणापासून कानावर असतं. भूमितीतल्या एका गमतीला त्यांनी इतकी नेमकी जागा शोधली की शीर्षकातच अर्धी कथा उभी राहते.

मराठीत या दोन जातींची सरमिसळ व्हायला इतिहासही तसाच आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली मुंबईत स्थापन झाली ती मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी. कथास्पर्धा हे तिचं एक साधन. १९७४च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं; ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचली की लेखकाचा पत्ता लागतो. खगोलशास्त्रज्ञ नारळीकर, वैज्ञानिक बाळ फोंडके, रसायन अभियंता सुबोध जावडेकर अशी मंडळी लिहायला बसली, तेव्हा वाचकाने काहीतरी शिकून उठावं ही अपेक्षाही सोबत येऊन बसली. यातल्या चांगल्या लेखकांनी ती अपेक्षा सांभाळून कथा लिहिली. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी फक्त अपेक्षा सांभाळली.

नारळीकरांच्याच 'धूमकेतू'मध्ये हा फरक स्वच्छ दिसतो. दत्तदा हे बंगाली गृहस्थ हौशी आकाशनिरीक्षक. दुर्बिणीला त्यांनी नाव दिलंय 'दिव्यचक्षू'. रात्र रात्र तिच्याशी बसणाऱ्या नवऱ्यावर बायको, इंद्राणीदेवी, वैतागलेली. दत्तदांना एक नवा धूमकेतू सापडतो, त्याला त्यांचंच नाव मिळतं, घरात कौतुकाचा पूर येतो. आणि मग कळतं की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याच्या बेतात आहे. परदेशात शास्त्रज्ञांची गुप्त बैठक होते, अणुस्फोटाने त्याला वाटेवरून ढकलायची योजना ठरते. दत्तदा घरी परततात तर शांतीसाठी यज्ञ चाललेला, आणि त्यात नातवालाच बसवलेलं! पुढे संकट टळतं. इंद्राणीदेवींच्या लेखी ते यज्ञामुळेच टळतं.

यातली धूमकेतू ढकलायची योजना तेवढी वेगळी काढून धडा लिहिता येईल: धूमकेतूची कक्षा, ढकलण्याचं गणित, स्फोटाची ताकद. तो धडा आज जुना झाला असता. २०२२च्या सप्टेंबरमध्ये नासाच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फोस या छोट्या खगोलाला खरोखरच धडक दिली आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने कमी केला, तोही अणुस्फोटाशिवाय. पण यज्ञाच्या धुरासमोर हतबल उभ्या असलेल्या दत्तदांचं काय? त्यांना जुनं करील असं यान अजून कुणी सोडलेलं नाही.

जुनं होण्याची ही कसोटी परदेशी पुस्तकांनाही लावून बघा. ज्यूल व्हर्नने १८६५मध्ये तोफेच्या गोळ्यात बसवून माणसं चंद्राकडे पाठवली. वेल्सने १९०१मध्ये गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थ कल्पून तीच सफर घडवली. व्हर्न त्यावर चिडला होता: मी भौतिकशास्त्र वापरतो, हा गृहस्थ वाटेल ते शोधून काढतो, तो धातू आधी दाखवा म्हणावं! गंमत अशी की व्हर्नचं भौतिकशास्त्रही प्रवाशांना जगू देत नाही. नऊशे फूट लांबीच्या तोफेत सेकंदाला अकरा किलोमीटर वेग गाठायचा तर गोळ्यातल्या माणसावर स्वतःच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार पडेल. त्याचा भुगासुद्धा हाती लागणार नाही. तरी दोन्ही पुस्तकं वाचली जातात. विज्ञान चुकलं की कथा पडते, हा धडेवाल्यांचा लाडका समज आहे. मला विचाराल तर स्वतःच घातलेला नियम लेखकाने सोयीनुसार मोडला, की कथा पडते.

समजावून सांगणं हा मात्र गुन्हा नव्हे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत शेवटी एक मित्र गंगाधरपंतांना चांगलं ऐसपैस समजावून सांगतो, आणि तरी ती अस्सल विज्ञानकथा आहे. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक मुंबईला जातात आणि त्यांना भेटते वेगळीच मुंबई, कारण तिथल्या इतिहासात पानिपतावर विश्वासराव वाचलेला आहे. गोळी त्याला चाटून गेली. परत आल्यावर त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या इतिहासाचं फाटकं पान आहे. आपल्याला वेड लागलं की काय, हे त्यांना ठरवायचंय. प्रश्न त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी आपण ऐकून घेतो.

म्हणून दुकानात किंवा वाचनालयात पुस्तक चाळताना पहिलं पान बघू नका. पहिलं पान सगळेच जीव ओतून लिहितात. मधलं एखादं पान काढा, जिथे कुणीतरी कुणाला काहीतरी समजावून सांगतंय. ऐकणाऱ्याचं काही अडलंय का बघा. 'तुला ठाऊकच आहे की...' अशी सुरुवात करून एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला बारावीचं पुस्तक वाचून दाखवत असेल, तर पुस्तक फळीवर परत ठेवा. बायकांची पात्रं फक्त चहा आणायला आणि 'बाई गं!' म्हणायला येत असतील तरी ठेवा. ज्याला घरातली माणसं दिसत नाहीत, त्याला परग्रहावरची काय दिसणार.

सुरुवात कथासंग्रहाने करावी, कादंबरीने नाही. विज्ञानकथेत एक कल्पना साधारण वीस-पंचवीस पानं पुरते. तीनशे पानं ताणायची तर लेखक तयारीचा लागतो. नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' आजही पहिल्या वाचनाला उत्तम. त्यानंतर लक्ष्मण लोंढे आणि जावडेकर, आणि रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक मिळाले तर आधी अनुक्रमणिका बघावी.

इंग्रजी वाचत असाल तर पुरस्कारांच्या याद्या कामाला येतात, फक्त कोण मत देतं हे लक्षात ठेवून. १९५३पासून दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, म्हणजे मुख्यतः वाचक ठरवतात. नेब्युला लेखकच लेखकांना देतात. दोन्हींकडे एकच नाव दिसलं तर बेलाशक उचलावं. तिथेही लघुकथांचा विभाग आधी. कादंबरीच्या विभागात विजेतं पुस्तक कधी कधी मालिकेतला तिसरा भाग निघतं, आणि पहिले दोन वाचल्याशिवाय कोण कुणाचा कोण हेच कळत नाही.