आय-लीग, २०१२–१३ चा हंगाम

भारतातील पुरुषांच्या राष्ट्रीय फुटबॉल साखळीचा ऑक्टोबर २०१२ ते मे २०१३ या काळात खेळला गेलेला हंगाम. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स हा संघ विजेता ठरला आणि पुणे फुटबॉल क्लब, म्हणजेच पुणे एफसी, उपविजेता. आय-लीगच्या उच्च श्रेणीत महाराष्ट्रातील संघाने मिळवलेले हे सर्वांत वरचे स्थान होय. स्पर्धेत चौदा संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या तेरांशी दोनदा, एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा परक्या, असे २६ सामने खेळला. एकूण सामने १८२ झाले.

क्रमगणना : हा कितवा हंगाम, याविषयी दोन पद्धती आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १९९६–९७ मध्ये ‘राष्ट्रीय फुटबॉल लीग’ सुरू केली. जेसीटी हा पंजाबचा संघ तिचा पहिला विजेता. अकरा हंगामांनंतर, २००७–०८ पासून, ती ‘आय-लीग’ या नावाने नव्याने मांडण्यात आली. नव्या नावापासून मोजल्यास प्रस्तुत हंगाम सहावा ठरतो आणि राष्ट्रीय साखळीची परंपरा सलग धरल्यास सतरावा. वृत्तपत्रांत व क्लबांच्या पत्रकांत दोन्ही आकडे आढळतात, आणि पुष्कळदा आपल्या संघाला सोयीचा असेल तो आकडा घेतला जातो. उदा., गोव्याच्या डेम्पो संघाची राष्ट्रीय विजेतेपदे सलग गणनेत पाच होतात, तर केवळ आय-लीगची धरली तर तीन. कोलकात्याच्या ईस्ट बंगालची राष्ट्रीय लीगमधील तिन्ही विजेतेपदे दुसऱ्या पद्धतीत नाहीशीच होतात. चर्चिल ब्रदर्सला मात्र या वादाचे सोयरसुतक नाही. त्यांची २००८–०९ व २०१२–१३ ही दोन्ही विजेतेपदे आय-लीगच्याच काळातील आहेत. महाराष्ट्राच्या बाबतीत प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. पुण्याच्या उपविजेतेपदाला ‘राज्याची सर्वोच्च कामगिरी’ म्हणण्याची प्रथा आय-लीगपुरतीच खरी आहे. स्पर्धेचे आयोजक, बहुतेक सहभागी संघ व बढती-पदावनतीचे (तळाच्या संघाने खालच्या श्रेणीत जाण्याचे व तेथील संघाने वर येण्याचे) तत्त्व २००७ नंतरही कायम राहिले. त्यामुळे सलग गणना अधिक सयुक्तिक वाटते.

मोहन बागान प्रकरण : हंगामाचा गुणतक्ता वाचताना हे प्रकरण ध्यानात घ्यावे लागते. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना सुरू असताना बागानच्या ओडाफा ओकोली याला लाल पत्रक दाखवण्यात आले. त्यानंतर प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने बागानचा सय्यद रहीम नबी जखमी झाला. मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरला नाही. सामना ईस्ट बंगालच्या नावे जमा झाला. डिसेंबरअखेर महासंघाने बागानला चालू हंगामातून व पुढील दोन हंगामांतून वगळण्याचा निर्णय दिला.

या निर्णयाचा तांत्रिक परिणाम बागानपुरता मर्यादित राहणारा नव्हता. संघच वगळला तर त्याच्याशी झालेल्या सामन्यांचे निकालही पुसले जातात. बागानला हरवलेल्यांचे गुण जातात आणि बागानकडून हरलेल्यांची हार माफ होते. जानेवारी २०१३ मध्ये महासंघाने बंदी मागे घेतली. तिच्याऐवजी दोन कोटी रुपये दंड केला आणि बागानने तोवर मिळवलेले गुण रद्द केले. संघाने शून्यावरून पुन्हा सुरुवात केली व अखेर पदावनतीतून स्वतःला वाचवले. त्यामुळे अंतिम तक्त्यात बागानचे विजय व बरोबरी यांच्या हिशेबाने येणारे गुण आणि प्रत्यक्ष छापलेले गुण जुळत नाहीत. ती मुद्रणदोषाची बाब नव्हे.

पुणे संघ : अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला हा क्लब द्वितीय श्रेणीतून वर येऊन २००९–१० मध्ये प्रथमच आय-लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. डेरिक परेरा हे भारताचे माजी बचावपटू तेव्हापासून प्रशिक्षक होते. महिंद्रा युनायटेडमधील आपल्या कारकिर्दीनंतर ते पुण्यास आले. २०१२–१३ मध्ये आघाडीच्या फळीत दक्षिण सुदानचा जेम्स मोगा व लायबेरियाचा बोइमा कार्पे, तर बचावात केरळचा अनस एडाथोडिका हे प्रमुख खेळाडू होते. चर्चिलचे अंतिम गुण ५५ व पुण्याचे ५२ भरले, म्हणजे अंतर एका विजयाचे. सुभाष भौमिक यांच्या मार्गदर्शनाखालील चर्चिलला हंगामाच्या उत्तरार्धात सुनील छेत्रीची जोड मिळाली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. तिसरे स्थान ईस्ट बंगालचे. सर्वाधिक गोल प्रयाग युनायटेडच्या रँटी मार्टिन्सचे होते.

पुणे संघातील आराता इझुमी याचे उदाहरण नियमांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. जपानमध्ये जन्मलेल्या या मध्यरक्षकाचे वडील भारतीय वंशाचे व आई जपानी. त्या वेळच्या नियमानुसार संघाला परदेशी खेळाडूंची मर्यादित संख्या व त्यांत एक आशियाई जागा मिळत असे, आणि इझुमी आरंभी त्या जागेवर खेळे. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने राष्ट्रीय संघासाठी त्याला जपानी पारपत्र सोडावे लागले. भारतीय नागरिक झाल्यावर, याच हंगामादरम्यान, फेब्रुवारी २०१३ मध्ये पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून खेळला. नीलकंठ खंभोळजा हे त्याचे भारतीय नाव, पण पुण्यात त्याला सर्वजण आराताच म्हणत.

मैदान : पुणे संघाचे यजमान सामने श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे संकुल ‘बालेवाडी’ या नावानेच ओळखले जाते, जरी त्याच्या अधिकृत पत्त्यात म्हाळुंगे व बालेवाडी अशी दोन्ही गावे येतात. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने प्रेक्षागारातून खेळ दुरून दिसतो. मुंबईच्या कूपरेज मैदानाचे नूतनीकरण सुरू असताना मुंबई एफसी व एअर इंडिया या संघांनीही आपले यजमान सामने येथे खेळले. त्यामुळे काही सामन्यांत ‘यजमान’ हा शब्द नावापुरताच उरे आणि पाहुण्या पुणे संघालाच मैदान अधिक ओळखीचे असे. पुण्यातील फुटबॉलचे जुने केंद्र बालेवाडी नसून कॅम्प, घोरपडी व खडकी हा लष्करी पट्टा होय. खेळ तेथे छावणीतील पलटणींबरोबर, साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला असावा. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, त्याच्या थोडे मागेपुढे ही तारीख ठेवणे सुरक्षित. जिल्हा साखळीचे सामने ढोबरवाडीसारख्या मैदानांवर होत आले आहेत.

उत्तरकाळ : युनायटेड सिक्कीमची पदावनती झाली. एअर इंडिया व ओएनजीसी हे कंपनी-संघ मात्र आशियाई महासंघाच्या परवाना-निकषांवर बाद झाले. पुणे एफसी २०१४ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत व्हिएतनामच्या हनोई टी अँड टीकडून ०–३ असा हरला आणि नंतर एएफसी चषकात, म्हणजे आशियाई महासंघाच्या दुय्यम क्लब-स्पर्धेत, खेळला. परेरा २०१३ मध्ये साळगावकर संघाकडे गेले व त्यांच्या जागी नेदरलँड्सचे माइक स्नोई आले.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू होऊन एफसी पुणे सिटी हा निराळा संघ बालेवाडीतच खेळू लागला. दोन्ही संघांची नावे सारखी असल्याने नंतरच्या लेखनात त्यांची अनेकदा गल्लत होते. त्याच मैदानावर कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४–१५ चा एकच आय-लीग हंगाम खेळला व शेवटचा आला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ मध्ये बंद झाला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही संपुष्टात येऊन त्याची लीगमधील जागा हैदराबाद एफसीला मिळाली.